वरच्या फळीवरचे डबे

बोरी, ता. जिंतूर
१२ जुलै २०२४

राजेश्री,

आशीर्वाद. इथे आम्ही तिघं बरे आहोत. पत्र बघून तू घाबरू नयेस म्हणून हे आधी लिहिलं.

फोन असताना मामी पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. घरात फोन एकच, तो ज्ञानेश्वरीच्या हातात असतो. खोल्या दोन. बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. आणि तुझे मामा गेल्यापासून मला फोनवर नीट बोलताच येत नाही. समोर चेहरा नसला की वाक्य अर्ध्यात सुटतं. कागदावर तसं होत नाही.

परवा तुझी आई चारठाण्याहून आली होती. नर्मदाबाई वन्सं म्हणजे गाडीतून उतरायच्या आधीच बातमी सांगणाऱ्या. तुला बक्षीस मिळालं म्हणाल्या. तुमच्या त्या लेखाचं नाव नऊशेच्या वर शास्त्रज्ञांनी घेतलंय, देशोदेशीच्या. तोच ना तो, आदिनाथच्या आजारावरचा? कोरोनाच्या आधीच्या वर्षी तू बंगळूरहून आली होतीस, आम्हा सगळ्यांचं रक्त नेलंस, पुढे ते तपासायला जर्मनीलाही पाठवलंस, आणि माझ्या, आदिनाथच्या अन् ज्ञानेश्वरीच्या दंडाची डाळीच्या दाण्याएवढी कातडी नेलीस. माझ्या दंडावरचा डाग अजून आहे.

आदिनाथ दारातल्या खुर्चीवरून ऐकत होता. म्हणाला, "आत्या, मला अंगणात जाता येत न्हाई, आन् माझं रक्त जर्मनीला जाऊन आलंय. लय चालू हाय माझं रक्त." तुझी आई हसता हसता रडायला लागली. मी चहा ठेवायला आत गेले.

मला एवढंच विचारायचं आहे. नऊशे माणसं एका कामाला लागली म्हणजे थोडं नाही. आमच्याकडे विहिरीला दहा माणसं लावली तरी पंधरवड्यात पाणी दिसतं. तर यातला कुणी औषधाच्या जवळ पोचलाय का? आदिनाथ आता धरल्याशिवाय उभा राहत नाही. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचलतो. अठ्ठाविसावं चालू आहे त्याला.

दुसरी गोष्ट. वन्संनी गोपाळसाठी ज्ञानेश्वरीला मागितलं. म्हणाल्या, "भाऊ राह्यला न्हाई, त्याची लेक तरी माझ्या घरात येऊ दे." भावाची लेक सून म्हणून मागायचा बहिणीचा हक्क असतो, तो कुणी मोडत नाही. मी स्वतः अशीच आले. तुझी आजी छबूबाई माझी सख्खी आत्या, आणि तिनेच मला सून करून आणलं. गोपाळ चांगला मुलगा आहे. मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालतंय, व्यसन नाही. दिवाळीनंतर साखरपुडा करू म्हणतात. तू नवऱ्या मुलाची बहीण, पण त्याआधी माझी भाची. म्हणून तुला सगळ्यांच्या आधी कळवलं. तू खूश होशील.

तुझी मामी,
सत्यशीला


बंगळूर
२६ जुलै २०२४

मामी,

नमस्कार. तुमचं पत्र प्रयोगशाळेच्या पत्त्यावर आलं. इथे कुणाला हाताने लिहिलेलं पत्र येत नाही, त्यामुळे सगळ्यांनी पाकीट हातात घेऊन पाहिलं.

नऊशे माणसं कामाला लागलेली नाहीत, मामी. कसं सांगू? शास्त्रज्ञ लेख लिहितो तेव्हा आपल्या आधी कुणी काय शोधलं ते त्याला सांगावं लागतं. तसं आमच्या लेखाचं नाव नऊशे लेखांत आलंय. बहुतेकांत एका ओळीत. काहींनी तर तो वाचलाही नसेल; दुसऱ्याने नाव घेतलं म्हणून यांनी घेतलं. ज्याचं नाव जास्त वेळा येतं तो लेख मोठा मानतात. बक्षीस त्याचं आहे.

लेखात काय आहे तेही सांगते. तुम्ही आदिनाथची दहावीपर्यंतची विज्ञानाची पुस्तकं वाचली आहेत, तेव्हा पेशी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. स्नायूच्या पेशीभोवती पातळ पडदा असतो. आपण चाललो, वाकलो, काही उचललं की तो जागोजागी फाटतो. रोज, सगळ्यांचाच. एक प्रथिन तिथे धावत जातं आणि ठिगळ लावतं. आदिनाथच्या शरीरात ते प्रथिन तयारच होत नाही. पडदा फाटतो, पेशी मरते, आणि असं वर्षानुवर्षं चालतं. आम्ही कातडीच्या पेशींना स्नायूच्या पेशी व्हायला लावलं, त्यांना लेझरच्या बारीक प्रकाशाने भोक पाडलं आणि ठिगळ लागतं का ते पाहिलं. एवढंच आमचं काम. फाटतं कुठे ते आम्हाला कळलं. शिवायचं कसं ते कुणालाच कळलेलं नाही. उंदरांवर थोडं जमतंय. माणसावर कधी, ते मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

आता लग्नाचं. मामी, घाई करू नका. हा दोष एकट्या आईकडून किंवा एकट्या बापाकडून आला तर काही होत नाही. दोघांकडून आला तरच आजार होतो. तुम्ही आणि मामा मामे-आते भावंडं. एकाच आजा-आजीकडून तो तुमच्यातही आला, मामांतही आला. माझ्यातही एका बाजूने आहे, मी तपासलंय. गोपाळमध्ये असेल किंवा नसेल. तो सुईला हात लावू देत नाही. नात्यातलं लग्न म्हणूनच मी नको म्हणतेय. दुसरं काही नाही. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, तू तुझं बघ. तुम्ही तरी थांबा. खरंच, दुसरं काही नाही.

राजेश्री


बोरी
९ ऑगस्ट २०२४

राजेश्री,

तुझं पत्र पोस्टमन हरिओमने माझ्याच हातात दिलं. ज्ञानेश्वरी त्या वेळी जिंतूरला कॉलेजात असते.

नऊशे जणांचं समजलं. आपल्या लग्नपत्रिकेवर खाली नावं छापतात ना, तसं दिसतंय. वाचत कुणी नाही, पण राहिलं तर माणूस रुसतो. मी उगाच आशा धरली. आदिनाथला सांगितलं तर म्हणाला, "आई, नावं घेऊन पाय चालले असते तर देवळातल्या भजनकऱ्यायचे लय चालले असते." त्याला कधीच आशा नव्हती बहुतेक. ती माझ्याचकडे होती.

ठिगळाचं वाचून मला जुनं आठवलं. तुला आठवतं का, आदिनाथचं पहिल्यांदा कुठे लक्षात आलं? चारठाण्याच्या जुन्या देवळात. तुम्ही पोरं नेहमी टाचा उचलून घंटा वाजवायचात. आदिनाथ अठराचा झाला तेव्हा त्याचा हात घंटेला पोचेना. उंची वाढली होती, तरी पोचेना. आम्ही सगळे हसलो. तुझे मामा म्हणाले, पोरगं जमिनीला चिकटलं. टाचा उचलायची ताकद गेली होती, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं.

आता मनातलं लिहिते, राग धरू नको. तुझं लग्नाबद्दलचं वाचून मला आधी वाईट वाटलं. वाटलं, शिकली, लांब गेली, आता हिला आमचं घर नको. अपंग भाऊ आहे, डोक्यावर बाप नाही, अशा घरातली पोरगी आपल्या भावाला कशाला, असं हिच्या मनात आलं. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत असं आधी दोन घरांनी केलंय. पाहुणे आले, पोहे खाल्ले, आदिनाथची खुर्ची पाहिली आणि पुन्हा फिरकले नाहीत. वन्संनी मागितलं तेव्हा मला वाटलं होतं, निदान यांना खुर्चीचं काही वाटत नाही.

पण तुझं पत्र मी परत वाचलं. तू "दुसरं काही नाही" असं दोनदा लिहिलंस. तू लहानपणी लोणच्याची फोड चोरून खायचीस आणि दोनदा नाही म्हणायचीस.

म्हणून सरळ विचारते. ज्ञानेश्वरीचं रक्त तू नेलंस, कातडी नेलीस. त्यात तुला काय दिसलं? दादासारखं आहे की नाही? हो किंवा नाही, एका शब्दात लिही. बाकी काही लिहू नको.

मामी


बंगळूर
२२ ऑगस्ट २०२४

मामी,

एका शब्दात लिहिता येत नाही. तुम्ही रागवाल, तरी सगळं लिहिते.

मी नमुने घ्यायला आले तेव्हा प्रत्येकाला एक प्रश्न विचारला होता. तुमचा निकाल तुम्हाला कळवायचा का? तुम्ही हो म्हणालात. मामा हो म्हणाले. ज्ञानेश्वरी नुकती अठराची झाली होती. अंगणात कडुलिंबाखाली ती माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "ताई, दादासाठी तुला जे बघायचं ते बघ. माझं मला सांगू नको. कुणालाच सांगू नको." मी तिला दोनदा विचारलं. ती म्हणाली, "औषध असतं तर सांग म्हणले असते."

तो तिचा हक्क आहे, मामी. तिच्या शरीरात काय आहे हे तिने विचारल्याशिवाय मी तिला सांगू शकत नाही, आणि तिला वगळून तुम्हाला तर नाहीच. यावरून काही ओळखू नका. निकाल काहीही असता तरी मी हेच लिहिलं असतं. तिला जाणून घ्यायचं असेल तर तिने मला स्वतः लिहावं, मी त्याच दिवशी उत्तर देईन.

तुम्हाला वाटेल ही नियमाच्या आड लपतेय. लपतेय. नियम नसता तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही.

एक विनंती आहे. आमचा लेख शोधू नका. तो मोठ्या किचकट इंग्रजीत आहे. वाचून काही समजणार नाही, उगाच त्रास होईल.

लग्नाचं मी आईशी पुन्हा बोलते. गोपाळलाही तपासणीला तयार करते.

राजेश्री


बोरी
१५ सप्टेंबर २०२४

राजेश्री,

मी लेख वाचला.

शोधू नको म्हणालीस म्हणून शोधला. जिंतूरला बसस्टँडच्या बाजूला भारत नावाच्या पोराचं ऑनलाइन सेंटर आहे, सातबारा काढायला आम्ही तिथेच जातो. तुझं नाव आणि बक्षिसाचं नाव सांगितलं, त्याने लगेच काढून दिला. सगळ्यांना मोकळाच आहे म्हणाला, कुणीही काढावा. त्याने विचारलं, "मावशी, तुमी डॉक्टरकी करायल्या का काय?" म्हटलं, हो, आता या वयात.

इंग्रजी मला आदिनाथच्या शाळेच्या पुस्तकांएवढंच येतं. शब्दकोश घेऊन बसले. एका ओळीला एक दुपार गेली असं झालं. तू म्हणालीस ते खरं आहे, ओळी कळत नाहीत. पण चित्र कळतं.

दुसऱ्या पानावर आपल्या घराचं चित्र आहे. बाईला गोल, बाप्याला चौकोन. खाली लिहिलंय, अर्धा काळा म्हणजे दोष एका बाजूने, पूर्ण काळा म्हणजे आजार, आणि अंगावर तिरपी रेघ म्हणजे ते माणूस मेलेलं. सगळ्यात वर आजा-आजी, रेघ असलेले. मग माझे वडील आणि छबूबाई आत्या, दोघांवरही रेघ. त्याखाली मी, अर्धी काळी. माझ्या शेजारी अर्धा काळा चौकोन, तुझे मामा. आमच्या दोघांच्या मध्ये एक नाही, दोन रेघा आहेत. नात्यातलं लग्न असलं की दोन रेघा काढतात, असं खाली लिहिलेलं मी शब्दकोश घेऊन लावलं.

तुझ्या मामांच्या चौकोनावर तिरपी रेघ नाही. चित्र छापलं तेव्हा ते होते. आमच्या घरात त्यांचा फोटो आहे, हार घातलेला. त्या चित्रात मात्र ते जिवंतच राहिलेत.

मग खाली आले. दोन रेघांच्या खाली एक काळा चौकोन. आदिनाथ. त्याच्या शेजारी एक काळा गोल.

आधी मला वाटलं, छपाईत शाई सांडली असेल. मग वाटलं, ही दुसरी कुणी असेल, दुसऱ्या घरातली. मग त्या गोलाचा आकडा धरून मी पुढची सगळी पानं पाहिली. तो आकडा जिथे जिथे होता तिथला एकेक शब्द काढला. बहीण. वय अठरा. चालते, पळते, काही तक्रार नाही. तरी पेशींचा पडदा शिवला जात नाही. आजार दिसायच्या आधीच तो पेशीत सुरू झालेला असतो, हे या बहिणीमुळे पहिल्यांदा समजलं.

म्हणजे नाव घेतात ते याच्यासाठी. आदिनाथसारखी पोरं जगात पुष्कळ असतील. चालत असलेली, हसत असलेली, तरी आतून फाटत असलेली पोरगी तुम्हाला आमच्या घरात मिळाली. नऊशे जणांनी तिचं नाव घेतलं, आणि तिची आई सगळ्यात शेवटी.

मी तुला शिव्या द्यायला हे लिहीत नाही. तुझी दोन्ही पत्रं मी परत काढून वाचली. तू किती सांभाळून लिहिलंस ते आता दिसतं. ज्या वर्षी लेख छापून आला त्याच वर्षी तुझे मामा गेले. त्या वेळी तू आली होतीस, ज्ञानेश्वरीच्या गळ्यात पडून रडलीस, आणि आम्हाला वाटलं ही मामासाठी रडतेय. दोघांसाठी रडत होतीस.

आता सांग, मी काय करू? तिला सांगू तर ती म्हणाली होती सांगू नका. न सांगू तर ती नवऱ्याच्या घरी जाईल, उद्या घंटेला हात पोचणार नाही, आणि तुझीच आई म्हणेल, आम्हाला फसवलं. काय करू ते लिही. तू एवढी शिकलीस.

मामी


बंगळूर
२९ सप्टेंबर २०२४

मामी,

तुम्ही वाचलंत. आता मी नाही म्हणून उपयोग नाही आणि हो म्हणायची मला परवानगी नाही.

काय करायचं, ते मला माहीत नाही. हे वाक्य मी चार वेळा खोडून पुन्हा लिहिलं. शिकून एवढंच कळलं की कळत नाही.

जे कळतं तेवढं लिहिते. असा आजार असलेल्या माणसाने जड उचलू नये, अंग मोडेल असा व्यायाम करू नये, पडण्यापासून जपावं. ताकदीच्या म्हणून कुणी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या तर घेऊ नये. उंचावर हात नेण्यासाठी टाचा उचलाव्या लागतील असं काम शक्यतो टाळावं. पहिला ताण पोटऱ्यांवर येतो. कुणाला पंचविशीत दिसतं, कुणाला तिशीनंतर. काही जण चाळिशीपर्यंत चालतात.

तिने विचारल्याशिवाय तिला सांगू नका, एवढीच विनंती. मीही कुणाला सांगणार नाही. तिच्या पेशी इथे माझ्या समोर आहेत. आजही मी त्यांना खाऊ घातलं. तेवढं मला येतं.

राजेश्री


बोरी
१२ नोव्हेंबर २०२४

राजेश्री,

दिवाळी झाली. तुझा फोन आला तेव्हा मी जास्त बोलले नाही, घरात सगळे होते.

लग्न मोडलं, ते तुला आईकडून कळलं असेलच. मी काही केलं नाही. नाही कसं म्हणायचं याची वाक्यं मी महिनाभर मनात जुळवत होते, आणि पोरीनेच आयत्या वेळी माझं ओझं उतरवलं. भाऊबीजेला आम्ही चारठाण्याला गेलो होतो. आदिनाथलाही जीपमध्ये घालून नेलं. वन्संनी त्याला ओवाळलं. देवळात जाऊन आल्यावर सगळे जेवायला बसलो, आणि ज्ञानेश्वरी म्हणाली, "आत्या, मला गोपाळसंग लग्न न्हाई करायचं." वन्संना आधी चेष्टा वाटली. मग विचारलं, का? तर म्हणते, "तो लय बोलतो. मला शांत मानूस पाहिजे." गोपाळ मान खाली घालून भात कालवत राहिला. वन्सं ताटावरून उठल्या. म्हणाल्या, "भाऊ गेला तवा आर्धं माहेर गेलं होतं, आता राह्यलेलं बी तुमी बंद केलं." आदिनाथच बोलला. "आत्या, माहेर बंद न्हाई, नुसती सून बंद झाली. चिवडा द्यायला येत जा."

आईला तू समजाव. खरं सांगू नको, पण समजाव.

पोरीला काही माहीत नाही, हे बरं. नुसता हट्टी स्वभाव, बापावर गेलाय. परत येताना जीपमध्ये मी तिला म्हटलं, वाईट वाटतं का? तर म्हणाली, "कशाचं वाईट? एम.ए. व्हायचंय अजून." मी देवाचे आभार मानले. कशाबद्दल मानले ते मला सांगता येणार नाही.

तू जड उचलू देऊ नको म्हणालीस. घागरी आता मीच आणते. तिला म्हणते, तू अभ्यास कर. दळण गिरणीतला पोऱ्या घरपोच देतो. आणि आणखी एक केलं. आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर डबे असतात, कुरडयांचा, पापडांचा, सांडग्यांचा. तिथे टाचा उचलल्याशिवाय हात पोचत नाही. ते सगळे डबे मी एका दुपारी खाली काढले आणि चुलीशेजारी मांडले. चालायला जागा उरली नाही. ती आल्यावर तिने विचारलं, "आई, हे काय?" मी म्हटलं, माझा खांदा दुखतो, हात वर जात नाही आता. तिने खरं मानलं. लगेच तेल गरम करून चोळायला बसली. माझ्या धडधाकट खांद्याला ती तेल चोळत होती आणि मी आई गं, आई गं करत होते.

राजेश्री, मला तिच्याकडे बघता येत नाही. बघितलं की मी तिच्या टाचांकडे बघते. ती पायरी चढली की मोजत नाही, पण कान तिकडे असतो. ती खाली बसून उठते तेव्हा गुडघ्यावर हात ठेवते का, हे बघायचं नाही म्हणून मी पाठ करून उभी राहते. मला तेवढंच जमतं. तू तिकडे तिच्या पेशींना खाऊ घालतेस, मी इकडे तिला. दोघींनाही फाटलेलं शिवता येत नाही.

तिला कधीच कळू देऊ नको. तिने विचारलं तरी, जमलं तर, थोडं थांबून सांग.

मामी


बोरी
१८ नोव्हेंबर २०२४

राजेश्रीताई,

हे पत्र मी कॉलेजच्या पोस्टातून टाकतेय. मेसेज केला असता, पण फोन दादाही बघतो.

तू मला विचारलं होतंस, निकाल सांगू का. मी नको म्हणाले होते. अजूनही नकोच. मला तुझ्या निकालाची गरज राहिलेली नाही, म्हणून लिहितेय.

भाऊबीजेला आम्ही देवळात गेलो होतो. गोपाळने घंटा वाजवली आणि म्हणाला, आता तू. मी हात वर केला. पोचला नाही. ताई, मागच्या वर्षी पोचला होता. मी टाचा उचलायला गेले आणि पाय जागचे हललेच नाहीत, जसे ते माझे नव्हतेच. गोपाळ हसला, "एवढी बुटकी कवा झालीस?" आणि त्याने मला दंडाला धरून वर उचलून माझा हात घंटेला लावला. घंटा वाजली. त्याला काही कळलं नाही. दादाच्या वेळी आम्ही असेच हसलो होतो.

तिथून घरी येईपर्यंत मी ठरवलं. तो जास्त बोलतो म्हणून मी नाही म्हणाले असं सगळ्यांना वाटतं. तो जास्त बोलतो तेच मला आवडायचं. हे तू त्याला कधी सांगू नको. तुझ्या आईचा राग माझ्यावर राहू दे, दादावर आणि आईवर नको.

मी रडत वगैरे बसलेली नाही. थोडे दिवस जमेल तसं चालेन. एम.ए. पूर्ण करेन, बसून करता येईल अशी नोकरी बघेन. दादाकडे बघून मला सगळं आधीच पाठ आहे.

फक्त एक वचन दे. आईला कळू देऊ नको. तिने एक पोर दारातल्या खुर्चीत बसलेलं रोज बघितलंय, बाबा गेलेले बघितले. तिला अजून वाटतं की निदान मी तरी सुटले. ते तिच्याकडून काढून घेऊ नको. ती तुला पत्रं लिहिते हे मला माहीत आहे, हरिओमकाकांनी एकदा सांगितलं. माझ्याबद्दल काही विचारलं तर सांग, ज्ञानेश्वरीला काही झालेलं नाही.

तिला संशय येईल म्हणून मी फार जपते. डबे काढायला स्टूल घ्यावं लागलं असतं, तर तिला लगेच कळलं असतं. पण नशिबाने तिने स्वतःच डबे खाली काढले. तिचा खांदा दुखतो. हात वर जात नाही म्हणते. मी रोज तेल चोळते, तिला फार त्रास होतो, विव्हळते. या वयात खांदा आखडतो असं मी वाचलं. तू डॉक्टर लोकांमध्ये असतेस. तेवढं एक विचारून सांग, आईच्या खांद्याला काही चांगलं औषध आहे का?

ज्ञानेश्वरी